चौदा मेगाबिट पाणी

“अकराशे घरं, शलाका! दोन्ही कोळीवाडे मिळून अकराशे!” नंदूशेठ घरत कंट्रोल रूमच्या दारात चपला काढता काढता ओरडले. एरवी ते चपला घालूनच आत येत. अकराशे घरांनी माणसाला नम्र केलं होतं.

साखरखाडीच्या केबलचे ते मालक आणि मी त्यांची एकुलती एक इंजिनिअर. हिशेब सरळ होता. कोळीवाड्यांनी दोन वर्षांपूर्वी आमची केबल तोडून छपरांवर डिश बसवल्या होत्या. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची होड्यांची शर्यत आम्ही एचडीमध्ये थेट दाखवली, तर ती घरं परत यायची होती. म्हणजे शेठना अकराशे घरं. कॅमेरावाल्या फिरोज मुकादमला नवा स्टँड. मला ‘इन्चार्ज’ अशी पाटी आणि तीन पायांच्या खुर्चीऐवजी चार पायांची. आणि हिरोजी नाखवांना? त्यांच्या नावापुढे मी तेव्हा शून्य मांडलं होतं. सहसा मी मांडलेला आकडा खोडत नाही. तो खोडावा लागला.

नाखवा सत्तरीचे. तीस वर्षं शर्यतीचे एकटे पंच. धक्क्याच्या टोकाला बसायचे, होड्या आल्या की हात वर करून एका होडीचं नाव घ्यायचे, आणि ते नाव दोन्ही वाडे मुकाट मान्य करायचे. जिंकणाऱ्या वाड्याला वर्षभर धक्क्याची पहिली पायरी मिळे. त्यांच्या होड्या आधी लागणार, त्यांची मासळी आधी लिलावात चढणार. एवढ्यावरून तिथे सोयरिकी मोडल्या होत्या. नाखवा स्वतः वरच्या वाड्याचे, पण खालच्या वाड्यालाही दुसरा पंच नको होता. आणि त्या वर्षी जुलैत नाखवा न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला खिळले.

नवा पंच काही ठरेना. वरच्यांना खालचा नको, खालच्यांना वरचा नको. बाहेरचा आणावा म्हटलं तर दोन्हीकडून हशा. तेव्हा बैठकीत नंदूशेठ उठले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, “नाखवा धक्क्यावर येऊ शकत नाहीत ना? मग धक्काच नाखवांच्या खाटेपाशी नेतो!”

कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा रेकॉर्डिंग करून दाखवा. ते मात्र दोन्ही वाड्यांनी एका सुरात उडवून लावलं. “रेकॉर्डिंगला कात्री लागते, शेठ. चालू चित्राला लावून दाखवा.” निकाल एकदाच, चालू चित्रावर, नाखवांच्या तोंडून. ठरलं.

शर्यतीच्या आठ दिवस आधी आम्ही चाचणी घेतली. ओहोटीची वेळ, होड्या चिखलात टेकलेल्या, धक्क्यावर दोन कोळणी सुकट निवडत बसलेल्या. फिरोजने कॅमेरा त्यांच्यावर धरला आणि माझ्या टीव्हीवर चित्र असं उमटलं की शेठ टीव्हीला नाक लावून उभे राहिले.

“नथीतला मोती दिसतोय गं! मोती!”

“शेठ, या चित्रात काहीच हलत नाहीये.”

“मग चांगलंच आहे की!”

“शर्यतीत हलणार आहे. भरती असणार, पाणी असणार.”

“पाणी तर पाणी. मोती दिसतो, पाणी दिसणार नाही? तू ना, पेढ्यातसुद्धा खडा शोधशील.”

खडा कुठे होता ते सांगते. केबलच्या एका फ्रिक्वेन्सीवरून अडतीस मेगाबिट जातात. एक डबा समजा, अडतीस मापांचा, वर एक दाणा जात नाही. त्या डब्यात शेठनी दहा चॅनेल कोंबली होती. आमचं एचडी, आणि वर तीन सिनेमांची, एक कार्टूनचं, एक पाककृतीचं, एक बाजारभावाचं, एक नोकऱ्यांच्या जाहिरातींचं, एक देवळातल्या दर्शनाचं आणि एक शहरातल्या सराफाचं. वाटपाचं काम एक मशीन करतं. ज्याच्या चित्रात जास्त हालचाल, त्याला जास्त मापं. जो स्थिर, त्याला कमी. कुणाला आधी द्यायचं, याचे क्रमांक तेवढे माणसाने भरायचे.

मी संगणकावर क्रमांकांचं पान उघडलं तर दहाही चॅनेलांपुढे एकच आकडा. एक.

“शेठ, हे काय? सगळेच पहिले?”

“अगं, प्रत्येकाला मी तसा शब्द दिलाय. सराफाला दिला, देवस्थानाला दिला. शब्द म्हणजे शब्द.”

शब्दाचे ते पक्के, फक्त तोच शब्द दहा जणांना दिलेला. शिवाय प्रत्येकाला कमीत कमी किती मापं मिळतील याची हमी. दर्शनाच्या चॅनेलवर दिवसभर देवाची मूर्ती. मूर्ती हलत नाही, तिला एका मापात भागतं. पण हमी तिनाची, म्हणून मशीन उरलेल्या दोन मापांत रिकामी पाकिटं भरून सबंध गावाला पाठवत होतं. आणि सगळ्यांच्या हम्या वजा जाता आमच्या एचडीला उरत होती पाच मापं. न हलणाऱ्या नथीला पाच पुरेशी होती. पाण्याचं तसं नाही. पाण्याचा इंच न् इंच हलतो, आणि दर क्षणी वेगळा हलतो. कॅमेऱ्यासमोर पाणी आलं की मशीनची भूक खवळते. माझ्या अंदाजाने भरतीच्या खाडीला लागणार होती चौदा.

“चौदा?” शेठ म्हणाले. “खाडी आहे की सराफाचा जावई? पाचात बसव.”

दुसऱ्या दिवशी मी नाखवांच्या घरी एचडीचा सेट-टॉप डबा बसवायला गेले. असे डबे साखरखाडीत तेव्हा तीनच होते. एक शेठकडे, एक कंट्रोल रूममध्ये आणि हा. बाकीच्या गावाला शर्यत साध्या डब्यांवर, अंधुक दिसणार होती. नाखवांची सून यमुना वायरी धरायला उभी राहिली. तिचा नवरा जनार्दन वरच्या वाड्याच्या ‘हेरंबकृपा’चा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हाती. ती होडी आदल्या वर्षी जिंकलेली.

नाखवा उशीला टेकून टीव्हीकडे असे बघत होते, जणू कुणी नवा खलाशी कामाला ठेवायचा आहे.

“काय गो पोरी, यात सगला दिसंल?”

“सगळं दिसेल, नाखवा.”

“होडीची नाल? अगदी टोक?” नाळ म्हणजे होडीचं पुढचं नाक. रेघ ओलांडायची ती नाळेने.

“टोकसुद्धा.”

“न दिसायला कय जागा ठेवलीस का?”

मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. “अजिबात नाही,” मी छाती पुढे काढून म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. घरापासून धक्का हाकेच्या अंतरावर. “धक्क्यावरची बोंब मना इथं ऐकाया येते. ती आधी येल का ह्यो चित्र?”

हा प्रश्न मला आजवर एकाही केबल मालकाने विचारलेला नव्हता. “बोंब आधी येईल. चित्र आवळून पाठवायला मशीनला वेळ लागतो. पाच सेकंद.”

“मंग कानांत कापूस घालावा लागंल.” ते यमुनाकडे वळले. “आनि खिरक्या लाव. दोनी वारंच्या, वरच्या नि खालच्या, मानसांना टीवीकडं पाठ करून बसवाचा. मी बघनार, ते मना बघनार.” मग मला म्हणाले, “तुजा लंबर लिवून दे. कय बिघारला तर?”

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर नंबर लिहून दिला. मोठ्या अक्षरांत.

शर्यतीच्या दिवशी दुपारी एकला पुनवेचं उधाण. मी कंट्रोल रूममध्ये, समोर दोन टीव्ही. डावीकडच्यावर फिरोजच्या कॅमेऱ्यातून थेट येणारं चित्र, अजून न आवळलेलं. उजवीकडच्यावर पाच सेकंदांनी तेच चित्र, आवळून घरोघरी जाणारं. डावीकडे खाडी नुसती चमकत होती. ‘हेरंबकृपा’ हिरवी, खालच्या वाड्याची ‘लक्ष्मीप्रसाद’ लाल, दोन्हींत बारा-बारा वल्हेकरी, दंडांवर तेल. झेंडा पडला. चोवीस वल्ही एकदम पाण्यात गेली आणि मी खुर्चीवरून अर्धी उठले.

मग उजवीकडे पाहिलं. वल्ही पाण्यात बुडाली आणि चित्रही. खाडीची चौकोनी ढेकळं झाली. हिरवी होडी लाल होडीत मिसळली, मधूनच एखादं डोकं वर यायचं आणि परत ढेकळांत जायचं. पाच मापं आणि उधाणाची भरती!

होड्या खाडीतल्या दिव्याच्या खांबाला, दीपकाठीला, वळसा घालून परत येणार होत्या. वळसा आणि परतीला मिळून सहा मिनिटं.

एक वाजून अठरा मिनिटांनी फोन वाजला.

“पोरी, मना पानी दिसत नाय. कुलथाचा पिठला दिसतंय.”

“नाखवा! थांबा, करते, आत्ता करते! फोन ठेवू नका!”

“फोन ठेवतो खाटेवर. कानांत कापूस हाय, तू बोल नको.”

मी क्रमांकांचं पान उघडलं. आधी देव. हमी तिनाची एक केली. देवाच्या मुखावरची रेषही हलली नाही, दोन मापं हाती आली. नोकऱ्यांच्या जाहिरातींचे स्थिर फलक, तिथून अडीच. पाककृतीत बाई बटाटे उकडायला ठेवून गप्पा मारत होती, तिच्याकडून एक. कार्टूनचा ससा पळत होता, तरी एक घेतलंच. सहा आणि अर्धं. पाचाचे साडेअकरा झाले. उजवीकडे ढेकळं फुटायला लागली, होड्या सुट्या दिसू लागल्या, पण नाळा अजून गुळगुळीत, डाग पडल्यासारख्या. अडीच मापं कमी पडत होती.

उरला कोण? सिनेमांत तिन्हीकडे मारामारी, तिथे हात घातला तर निम्म्या गावाचा फोन आला असता. सराफ! सराफाच्या चॅनेलवर गोल फिरणाऱ्या तबकावर एक हार फिरत होता आणि हिऱ्यांवर चमक नाचत होती. चमकसुद्धा पाण्यासारखीच खादाड. एकटा हार साडेचार मापं गिळून बसला होता.

मोबाइल वाजला. धक्क्यावरून शेठ. मागे नुसता गलका. “शलाका! इथे कुणी म्हणतंय चित्र फाटलंय! नाखवांचं ठीक आहे ना?”

“नाही. सराफाची अडीच मापं घेते, शेठ.”

“खबरदार! सराफाला हात लावायचा नाही! त्याचं वर्षाचं ठरलंय!”

“मग कोळीवाडे?”

“कोळीवाडे पण पाहिजेत!”

“शेठ, दोघंही पहिले नाही होऊ शकत.”

“तू, तू काहीतरी कर ना गं! इंजिनिअर कशाला ठेवलीय? अरे वळल्या, वळल्या! हेरंब पुढे! नाही, लक्ष्मी! अगं बाई गं!” आणि शेठ मला विसरून ओरडायला लागले.

मी सराफाच्या साडेचाराचे दोन केले.

हार क्षणात मळला, चिखलात पडल्यासारखा. आणि उजवीकडच्या टीव्हीवर खाडी उघडली. कशी सांगू! लाटेच्या पाठीवरची बारीक सुरकुती, वल्ह्यावरून गळणारे थेंब, जनार्दनच्या कपाळावरची शीर, सगळं. चौदा मेगाबिट पाणी! मी एकटीच मोठ्याने ओरडत होते, “मार! मार वल्हं!” कुणासाठी ओरडत होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

शंभर हात उरले. दोन्ही होड्या बरोबरीने. जनार्दनने सुकाणू किंचित आत घेतलं, लाल होडीच्या तांडेलाने शिवी हासडली. ऐकू आली नाही, पण दिसली. पन्नास हात. वल्ही एकमेकांना घासायला लागली. वीस. डावीकडच्या टीव्हीवर दोन नाळा एकदम रेघेवर आल्या, आणि मी पाहिलं. लाल. एका वितीने लाल.

मोबाइलवर धक्का फुटल्यासारखा आवाज. दोन्ही वाडे एकाच वेळी जिंकल्याचं ओरडत होते. उजवीकडे मात्र होड्या अजून रेघेपासून लांब. पाच सेकंद. नाखवांनी अजून पाहिलेलं नव्हतं. साध्या डब्यांवर वीतभर फरक दिसणार नव्हता, शेठच्या घरी टीव्हीसमोर कुणी नव्हतं, सगळे धक्क्यावर. तो फरक पडद्यावर स्पष्ट पाहणारी दोनच माणसं असणार होती, मी आणि म्हातारा. आणि माझं कुणी ऐकणार नव्हतं.

चार, तीन, दोन. उजवीकडे नाळा रेघेवर आल्या.

मी लँडलाइनचा रिसीव्हर कानाला दाबला. मग कुणीतरी खाकरलं.

“लक्ष्मीपरसाद.”

“नाखवा!” हा आवाज वरच्या वाड्याच्या माणसाचा असणार. “नीट बघितलाव? आपला जनार्दन...”

“जनार्दनाची नाल वीतभर मागं. जा, धक्क्यावर सांग.”

मी उडीच मारली. तीन पायांची खुर्ची मागे कलंडून भिंतीवर आपटली. चित्र पोचलं होतं! नाळेचं टोक, वीतभर फरक, खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत जसंच्या तसं पोचलं होतं! सराफाचे सात फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन मी नाखवांकडे गेले. खरं तर शाबासकी घ्यायलाच. यमुनाने पेढ्यांचा पुडा घेतला आणि न उघडता फळीवर ठेवला. चहा दिला, त्यात साखर नव्हती. मी घोट घेतला.

“लय झाक दिसत होतं ना चित्र?” ती म्हणाली.

“हो. चौदा मेगाबिट.”

“मामंजींनी तुम्हाला फोन केला, म्हणून.”

“हो, त्यांना दिसत नव्हतं.”

“दिसत नव्हतं तेच बरं होतं, ताई.” ती पदराने हात पुसत राहिली. “पंचाला दिसलं नाही तर शर्यत फुकट जाते. पायरी ज्याची असते त्याच्याकडेच राहते. गेल्या साली आमची होती. या साली पण आमचीच राहिली असती. कुणी एक शब्द बोलला नसता. सगळ्या गावाने बघितलं होतं चित्र फाटलेलं.”

मी पेला खाली ठेवला. न दिसायला जागा ठेवलीस का, असं म्हाताऱ्याने मला विचारलं होतं. मी छाती पुढे काढून नाही म्हटलं होतं. आणि ती जागा तर मशीनने आपणहून करून दिली होती, अगदी शर्यतीच्या मध्यावर. नाखवांनी फक्त गप्प पडून राहायचं होतं. कानांत कापूस होताच.

आत जनार्दन जाळं खांद्यावर टाकून निघाला होता. माझ्याकडे बघितलं, बापाकडे नाही, आणि बाहेर पडला. नाखवा उशीला टेकून बंद टीव्हीकडे बघत होते.

“नाखवा,” मी म्हटलं, “तुम्ही मला फोन केलात.”

“केला.”

“कशाला केलात?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, इंजिनिअर झालेल्या पोरीला एवढंही कळू नये!

“मना दिसत नव्हता म्हनून. लंबर कशाला लिवून दिलावतास?” मग यमुनाला हाक मारली. “सूनबाय, पेरे कुठं हायेत? एक दे मना.”

तर जमाखर्च असा. नंदूशेठना अकराशेपैकी नऊशे ऐंशी घरं परत मिळाली, वरच्या वाड्याची सुद्धा. खाटेवरच्या पंचाला वीतभर फरक दिसला, एवढं त्यांना पुरलं होतं. सराफाचा हार तीन-चार मिनिटं मळला; सराफ दुसऱ्या केबलवाल्याकडे गेला आणि पुढच्या महिन्यात परत आला, कारण तिकडेही सगळ्यांनाच पहिला क्रमांक मिळाला होता. पाककृतीच्या बाईचे बटाटे उकडले. देवाने दोन मापं दिली, ती त्याला तशीही नको होती. फिरोजला स्टँड मिळाला. मला चार पायांची खुर्ची मिळाली, पाटी अजून यायची आहे. खालच्या वाड्याला पहिली पायरी मिळाली. जनार्दनने वर्षभर मासळी दुसऱ्या पायरीवर उतरवली आणि उतरत्या भावात विकली, आणि दिवाळीपर्यंत तो बापाशी बोलला नाही.

आणि नाखवांच्या नावापुढचं शून्य खोडून मी तिथे मांडला तो फोन. कंट्रोल रूमच्या वहीत आम्ही प्रत्येक फोनची नोंद ठेवतो. ते पान मी जपून ठेवलंय. वेळ एक अठरा, तक्रार: चित्र दिसत नाही, फोन करणाऱ्याचं नाव: हिरोजी नाखवा.